सरीची गाडी

पोट

गाडीचं पोट गुळगुळीत हवं, एवढं एकच जालिंदरला पक्कं ठाऊक होतं.

उसातलं पाचट मोठं चिवट असतं. पायाखाली वाळकं, कुरकुरीत वाटतं, पण चाकाच्या दांड्याला एकदा गुंडाळलं की दोर वळल्यासारखं वळत जातं आणि मोटर जळेपर्यंत सोडत नाही. म्हणून चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, खालच्या अंगाला एक नट नको, एक कड नको, एक भोक नको. वरून गाडी कशीही दिसो. खालून ती माशासारखी हवी.

सोमवारी दुपारी दौंडला, रेल्वे क्वार्टरच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो हे आपल्या दोस्ताला, ज्ञानेशला, समजावत होता. रिमोटवर चालणारी हातभर लांब गाडी, तिच्या नाकावर कॅमेरा. ती उसाच्या सरीत सोडायची आणि बांधावर बसून पडद्यावर आतलं बघायचं.

कारण त्या वेळी त्याची सिंधूआत्या उसात होती.

जिवंत की मेलेली, ते कोणालाच माहीत नव्हतं. गाव ती मेली असं धरून चाललं होतं. जालिंदर अजून तिथवर आला नव्हता.

रविवार

सिंधूआत्या म्हणजे जालिंदरच्या वडिलांची, संपतची, थोरली बहीण. लहानपणी तापात तिचे कान गेले. नवऱ्यानं वर्षभर नांदवली आणि एका बाजाराच्या दिवशी माहेरी आणून सोडली. पुढे जालिंदरची आई वारली आणि रांगतं पोर आत्याच्या पदरात आलं. पोर रडलेलं ऐकू यायचं नाही, म्हणून झोपताना ती त्याच्या पायाला चिंधी बांधायची आणि चिंधीचं दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळायची. पोर हललं की हिला जाग.

पोर मोठं झालं, आयटीआय शिकलं, रांजणगावच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये लागलं, आठवडाभर कारेगावात खोली करून राहू लागलं. मग मनगटाचा तो मान शेळीकडे गेला. चारताना आत्या दाव्याचे मनगटाभोवती दोन वेढे द्यायची. शेळी थांबली, चालली, बुजली, सगळं तिला तिथं कळायचं.

घोडनदीच्या या पट्ट्यात उसात बिबट्या राहतो, हे आता कोणी कोणाला सांगत नाही. बायका खुरपायला निघाल्या की गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. गावातले बरेच पट्टे जालिंदरच्या हातचे. खिळे आतून घासून सपाट, बाहेरून सुईसारखे. आत्याचा पट्टा त्यानं सगळ्यात मन लावून केला होता. आत्यानं तो शेळीच्या गळ्यात बांधला.

"तुझ्यासाठी केला न्हवं?" त्यानं तोंड तिच्यासमोर धरून विचारलं होतं. ओठांवरून तिला कळायचं.

"माझ्या नरड्यात काय ठिवलंय खायाला? ती गाभण हाय."

रविवारी दिवस मावळताना संपत विहिरीवरची मोटर बंद करायला गेला होता. त्यानं लांबून पाहिलं. उसातून काहीतरी पिवळं आलं, शेळीवर पडलं, गळ्याला तोंड घातलं आणि चटका बसल्यासारखं मागे सरलं. मग त्यानं मागची तंगडी धरली. शेळी तंगडी सोडवून उसात घुसली, पिवळं तिच्या मागे. शेळीला दावं होतं, आणि दाव्याला आत्या.

बांधावर एक चप्पल राहिली.

सोमवार

सकाळी शेळी सापडली. पार ओढ्याच्या टोकाला, अर्धी खाल्लेली. गळ्यातला पट्टा जसाच्या तसा, दावं तुटलेलं. म्हणजे आत्याही तिकडेच कुठेतरी असणार. माणसं काठ्या आणि पत्र्याचे डबे घेऊन त्या टोकाकडून सरीसरीनं आत गेली. आतून गुरगुर आली, माणसं परतली. वनखात्याचे लोक आले, दोन पिंजरे लावले, ड्रोन उडवला. ड्रोनला वरून नुसती उसाची पात दिसली. मादी पिल्लांची असणार, आत कोणी शिरू नका, असं सांगून ते पिंजऱ्यांच्या राखणीला बसले.

कारेगावहून जालिंदर पोचला तेव्हा बांधावर लोक तोंडाभोवती हात धरून ओरडत होते.

"सिंधे, ए सिंधे..."

"आप्पा, बहिऱ्या बाईला हाका काय मारताय?" तो वडिलांना म्हणाला.

तो तसाच आत शिरायला निघाला. चौघांनी कंबरेला धरून त्याला मागे ओढलं. खरं तर त्यानं फार जोर लावला नव्हता. हे त्याचं त्यालाच ठाऊक.

साहेबराव पुढं आले. शेजारचा मोठा ऊस त्यांचा, संपतच्या उसाला लागून, मधे एक पाऊलवाट. त्याच वाटेनं त्यांची नात सायली शाळेत जायची. वाटेवर बिबट्या दिसल्यापासून, आठवडा झाला, ती घरात होती.

"हे बघ जालिंदर, तोडवाले आत पाय टाकायला तयार न्हाईत. मादी काय पिल्लं सोडून हलायची न्हाई. बुधवारी सकाळी दोन्ही ऊस पेटवून देऊ. जळीत म्हणलं की कारखाना लगीच तोड देतो. जनावर निघून जाईल कुठंतरी. पोरं शाळंत जातील."

"आन् आत्या?"

"आत्या असती तर आत्तापातूर..." साहेबराव थांबले. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून सगळ्यांना चहा त्यांच्याच घरून येत होता. "रगात बघितलंय आम्ही. तिला न्हाईतरी अग्नीच द्यायचा हाय, लेकरा."

जालिंदरनं वडिलांकडे पाहिलं. संपत जमिनीकडे बघत होता. त्यानं आधीच हो म्हणून टाकलेलं होतं.

"पेटवायच्या आधी जरा थांबा," जालिंदर म्हणाला. "मी गाडी सोडून बघतो."

"कसली गाडी?"

"रिमोटची."

कोणीतरी हसलं. मग कोणीच हसलं नाही.

बेडकी

ज्ञानेश त्याचा आयटीआयपासूनचा दोस्त, आता रेल्वेत फिटर. सुट्टीच्या दिवशी दोघं भीमेच्या कोरड्या पात्रात गाड्या पळवायचे. बाजारातल्या गाड्या नव्हेत; मोटर आणि रिमोट तेवढा विकतचा, चासी घरची. पहिली त्यांनी पातळ पत्र्याची केली, ती मधोमध वाकली. दुसरी आखूड, रुंद, उंच पायांची. तिला ते बेडकी म्हणायचे. गुडघ्याएवढ्या धोंड्यावरही ती चढायची, पोट कुठं टेकत नसे. पण खालून ती उघडी होती. गिअर, दांडे, सगळं लोंबतं.

ज्ञानेशनं ऐकून घेतलं आणि फळीवरून बेडकीच काढली.

"चल. चौफुल्यावरनं न्हावऱ्याला निघू. उजेडात पोचतो तुझ्या बांधावर."

"पाचट खाऊन बसंल ही. धा पावलांत."

"बसू दे. मागं दोरी बांधू. अडकली का वढायची, पाचट काढायचं, पुन्हा सोडायची."

"कितींदा?"

"जितक्यांदा अडकंल तितक्यांदा. आपल्याला काय दुसरं काम हाय?"

जालिंदरनं मान हलवली. त्याच्या डोळ्यांसमोर सरी होती. उसाला मातीची भर दिली की ऊस वरंब्यावर उभा राहतो आणि दोन वरंब्यांच्या मधे सरी लांबच लांब जाते, बोगद्यासारखी. लहानपणापासून तो त्या बोगद्यातून चालला होता. पाणी सरीनं जातं. खत सरीनं जातं. खुरपणारी बाई सरीनं जाते. वरंबा आडवा ओलांडून कोणी जात नाही. उसाची पात तोंड कापते, आणि बांधणी मोडली म्हणून मालक शिव्या घालतो.

"अरुंद पायजे," तो म्हणाला. "लांब आन् बुटकी. दोन्ही बाजूनी वरंब्याला न घासता सरळ जायाला. आन् पोट बंद."

ज्ञानेशनं बेडकी परत फळीवर ठेवली.

मंगळवार

ॲल्युमिनियमची पट्टी कापली. दोन्ही कडा वर वळवून तिची लांब, उथळ पन्हाळ केली. मोटर मागे, बॅटरी मधोमध, चाक वळवणारा सर्वो पुढे. चाकं बेडकीची काढून लावली. म्हणजे बेडकी आता फळीवर बिनपायांची. पोटासाठी फुटक्या पाण्याच्या टाकीचं जाड काळं प्लॅस्टिक घेतलं, गरम हवेनं मऊ केलं, पाइपावर दाबून वाकवलं. पालीच्या पोटासारखं वळण आलं. चासीला स्क्रूनं बसवलं.

शेडमध्ये पाचट नव्हतं, म्हणून ज्ञानेशनं शेजारच्या गोठ्यातून कडबा आणून अंथरला. गाडी त्यावरून सरसर गेली.

"झालं," ज्ञानेश म्हणाला. "जेवण मागनं. फटफटी काढतो."

जालिंदर गाडी उलटी करून बोट फिरवत होता. स्क्रूची डोकी नखाला लागत होती.

"ही आत पायजेत."

"जालिंदर."

"भोकांना उतार देतो. डोकी आत बसतील. पन हे प्लॅस्टिक आता फाटंल, दुसरं वाकवाया लागंल."

"तुम्हा टूलरूमवाल्यांना खिळाबी मायक्रॉनमधी ठोकायचा असतो. आत्ता निघालो तर चारला तिथं हाय आपण."

"आन् ऐन जागी अडकली तर? उद्या जाळणारेत ते. एकच डाव हाय."

खरंच एकच डाव होता. ज्ञानेश प्लॅस्टिकचा दुसरा तुकडा कापायला बसला.

दुसरं पोट झालं तेव्हा बोट फिरवलं तर काहीच लागत नव्हतं. चासी कुठं संपते आणि पोट कुठं सुरू होतं, तेसुद्धा. जालिंदर बराच वेळ नुसतं बोट फिरवत राहिला. रविवारपासून पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. त्यानं मान वर केली तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. उसात आता कॅमेऱ्याला काही दिसणार नव्हतं.

*

मंगळवारी दुपारी सिंधूआत्या काय करत होती, ते नंतर कळलं.

*

बांध

बुधवारी सकाळी साहेबरावांची माणसं डिझेलचा कॅन घेऊन वाटेवर उभी होती. धूर दिसला की तोडवाले कोयते घेऊन येणार होते. ज्ञानेशनं बांबूला अँटेना बांधून ती बांधावर उभी केली, पडदा घमेल्यात ठेवून वर पोत्याची सावली केली.

"काय रं जालिंदर," वाटेवरून कोणीतरी म्हणालं, "ह्याला हॉर्न न्हाई बसवला?"

"गप रं," साहेबराव म्हणाले.

गाडीच्या मागे नायलॉनची बारीक दोरी बांधलेली होती, अडकली तर ओढायला. दुसरं टोक संपतनं धरलं आणि मनगटाला दोन वेढे दिले.

"आप्पा, मनगटाला नका गुंडाळू."

संपतनं ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

शेळी ज्या टोकाला सापडली तिकडून त्यांनी सुरुवात केली. गाडी सरीत शिरली आणि जालिंदरच्या अपेक्षेपेक्षाही चांगली चालली. पाचट तिच्या पोटाखालून पाण्यासारखं वाहत होतं. एकदाही अडकली नाही.

"चाललीय," संपत पुटपुटायचा. "थांबली. चालली." तो पडद्याकडे बघतच नव्हता.

पडदा

पाचट. पाचट. ठिबकची काळी नळी.

उसाचे बुंधे, दोन्हीकडे, पुढे जाऊन एकमेकांत मिळालेले.

चित्र फुटतं. पुन्हा येतं.

उंदीर. थांबून बघतो, जातो.

पाचट.

मातीत पंजा. त्याच्या बाजूला छोटे पंजे.

"पिल्लं हायत," साहेबराव म्हणाले. "सांगितलं न्हाई?"

शेळीचे केस. वाळलेलं काळं रक्त. आत्या नाही.

पुढची सरी. पाचट. नळी. पाचट.

पुढची.

पुढची.

बॅटरी बदलली. ऊन वर आलं. डिझेलवाला कॅन खाली ठेवून बसला. साहेबरावांनी घड्याळाकडे बघितलं नाही, पण खाकरले.

जालिंदर गाडी उचलून दुसऱ्या अंगाला घेऊन गेला, जिथं चप्पल पडली होती तिथं. शेवटची बॅटरी. पहिली सरी रिकामी. दुसऱ्या सरीत गाडी थोडी आत गेली आणि त्यानं एकदम बोट सोडलं.

"थांबली," संपत म्हणाला.

डाव्या हाताचा वरंबा मोडलेला होता. त्यावरचं पाचट दाबून बसलेलं, दोन ऊस आडवे. सरीच्या लांबीनं नाही. आडवं, सरी कापत. शेळी घाबरून जिवाच्या आकांतानं धावली होती. तिला सरीशी काय करायचं होतं?

जालिंदरनं चाक वळवलं आणि गाडी वरंब्यावर घातली. नाक वर आलं. पडद्यावर पात, आभाळाचा तुकडा. मग गाडीचं पोट वरंब्याच्या माथ्यावर टेकलं. लांब, गुळगुळीत, सुंदर पोट. पुढची चाकं त्या बाजूला हवेत, मागची या बाजूला हवेत. चारी चाकं फिरत राहिली.

"बेडकी असती तर..." ज्ञानेश म्हणाला.

गाडी हळूच पुढच्या अंगाला कलली. कॅमेऱ्यात पलीकडची सरी आली, तिसरी. तिच्यात काहीतरी पांढरं पडलं होतं.

साहेबराव वाकून बघायला लागले. "चोथा हाय. रानडुकरं येत्यात, खाऊन थुकत्यात."

जालिंदरनं पडद्याला डोळा लावला. चोथ्याच्या बाजूला उसाची सालं होती. लांब, दातांनी ओढून काढलेली, एकावर एक ठेवल्यासारखी.

"डुक्कर सोलून खात न्हाई," तो म्हणाला.

तिसरी सरी

तो आत गेला. या वेळी त्याला कोणी धरलं नाही, कारण कोणाला वेळच मिळाला नाही.

दोरीच्या कडेनं गेला, गाडीपाशी आला, वरंबा ओलांडला. पातीनं गाल कापला. बांधापासून एवढंसं अंतर. साहेबराव कोणाला तरी कॅन मागे घ्यायला सांगत होते, तो शब्दन् शब्द इथं ऐकू येत होता. सोमवारच्या हाका इथवर अशाच आल्या असणार; माणसं एवढ्या जवळ आहेत, हे तिलाच कळलं नसणार.

आत्या वरंब्याला पाठ लावून बसल्यासारखी होती. एक पाय मांडीपासून भलतीकडे वळलेला, पदर फाडून घट्ट बांधलेला. मनगटात दाव्याचे दोन वेढे रुतून बसले होते, वीतभर पुढे दावं तुटलेलं. हाताला पोचतील तेवढे सगळे ऊस मोडलेले. पुढ्यात चोथ्याचा ढीग. तळातला चोथा वाळून तपकिरी झाला होता. त्यावरचा पिवळट. सगळ्यात वरचा पांढरा होता, आणि ओला.

जालिंदरनं तिचा हात उचलला. गार होता. पण अजून ताठला नव्हता, कोपरात वाकला.

मागे पाचट वाजलं. संपत येत होता, दोरी धरून, हातावर हात टाकत. जालिंदरनं पायानं पाचट ओढलं आणि ढिगावर लोटलं.

संपत वरंब्यावर उभा राहिला. बहिणीकडे बघितलं. खाली बसला.

"कवा गेली आसंल रं?"

"तवाच, आप्पा. रविवारीच."

संपतनं तिचा पदर सारखा केला. मग तिचा तोच हात त्यानं उचलला, मांडीवर नीट ठेवावा म्हणून. हात वाकला. संपतनं तो तसाच धरून ठेवला. त्याची नजर मोडलेल्या उसांवरून फिरली, पाचटाच्या नव्या ढिगाऱ्यावर आली आणि तिथून बाजूला झाली.

"व्हय," तो म्हणाला. "रविवारीच."

तिला उचलायला दोन्ही हात हवे होते. संपतच्या मनगटाला दोरी तशीच होती. गाठ सुटेना, म्हणून जालिंदरनं ती दातांनी तोडली.

जळीत

पुढचं सगळं सरकारी रीतीनं झालं. डॉक्टर काय म्हणाले, ते बापलेकांपैकी कोणी विचारलं नाही. ज्ञानेश दौंडला जाताना गाडी आत राहिली म्हणाला. राहू दे, जालिंदर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पिंजरे उचलले, ऊस पेटवला. मादी पिल्लं घेऊन ओढ्याकडे गेली असं म्हणतात. कोणी पाहिलं नाही. सायली शाळेत जायला लागली.

तोडवाले तिसऱ्या सरीपर्यंत आले तेव्हा जालिंदर तिथं उभा होता. वरंब्यावर ॲल्युमिनियमची पन्हाळ वेडीवाकडी होऊन पडली होती. चाकं नव्हती. पोट तेवढं होतं. वितळून ते वरंब्यावर पसरलं होतं आणि तसंच घट्ट झालं होतं. त्यानं ते उकरून काढलं, उलटं केलं आणि मातीकडच्या अंगावरून बोट फिरवलं. प्रत्येक ढेकूळ, बुंध्याची प्रत्येक गाठ बोटाला लागत होती.

"काय हाय वो ते?" तोडवाल्यानं विचारलं.

"काय न्हाई," जालिंदर म्हणाला. "खेळनं."